महाद्वारीचे चोखोबा

आषाढी एकादशीस पंढरीला पोहोचलेला वारकरी नामदेव पायरीप्रमाणेच महाद्वारासमोरील चोखोबांच्या समाधीपुढेही मस्तक नमवितो. मंगळवेढ्याच्या या संतास जन्माने महार म्हणून राउळाची दारे बंद होती. देवापुढे सारे समान, मग त्याच्याच दारी धर्मधुरीणांनी विटाळ का मानावा, हे कोडे चोखोबांना आयुष्यभर छळीत राहिले. त्यांनी ते लपविले नाही. अभंगांतून त्यांनी विठ्ठलालाच जाब विचारला. मात्र त्याचे नाम सोडले नाही. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका व पुत्र कर्ममेळा, अवघे घरच अभंगमय झाले.

शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले व चोखोबा त्याखाली गाडले गेले. अशा भक्ताला असे मरण का यावे? परंपरा सांगते की, ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनाम उमटत होते, त्या वेचून नामदेवांनी महाद्वारी आणल्या.

१९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले. सहा शतकांचा हा विलंब माणसांचा होता, विठ्ठलाचा नव्हे. देवावरील विश्वास म्हणजे अन्यायापुढे मान तुकविणे नव्हे, हेच ती समाधी सांगते.