आंब्याचे बारसे करणारा माणूस

आपल्या आंब्याचे शास्त्रीय बारसे झाले १७५३ साली, दूर स्वीडनमध्ये! ‘मँगिफेरा इंडिका’ हे नाव ठेवणारा कार्ल लिनियस १७०७ साली एका खेड्यातल्या पाद्रीबाबांच्या घरी जन्मला. १७४१ मध्ये तो उप्सालाला प्राध्यापक झाला आणि विद्यापीठाची उजाड बाग त्याने पुन्हा फुलवली. त्या बागेत मी हिंडलो. वर्षभरात संपणाऱ्या रोपांचे वाफे वेगळे, वर्षानुवर्षे टिकणाऱ्यांचे वेगळे. नदी, तळे आणि दलदलीतल्या वनस्पतींसाठी तीन हौद. १७७८ मध्ये लिनियस गेला. १७८४ मध्ये त्याचा संग्रह इंग्लंडला विकला गेला; बागेचीही रया गेली. पण १७४५ साली तिचा नकाशा छापलेला होता. त्यावरूनच विसाव्या शतकात ती पुन्हा उभी राहिली. घरातल्या जुन्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी मला आता ती बाग आठवते.