तुकड्यांचा हिशेब ठेवणारा माणूस

१९८६ साली मी पुण्यात एका छोट्या कारखान्याच्या हिशेबखात्यात होतो. तिथे संगणक आला तेव्हा त्याच्या खोलीत शिरण्यापूर्वी आम्ही चपला दाराबाहेर काढत असू. एकदा मी घाईत फ्लॉपी बदलली आणि पगारपत्रक साठवायला गेलो, तर यंत्राने साफ नकार दिला. पगाराचा आदला दिवस! दोन तासांचे काम पुन्हा करावे लागले. त्या यंत्रावर चालणाऱ्या सीपी/एम नावाच्या प्रणालीला मी मनसोक्त शिव्या घातल्या. तिच्या कर्त्याचे नाव गॅरी किल्डॉल हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या नकारानेच फ्लॉपीवरची आधीची पगारपत्रके वाचली होती, हेही तेव्हाच कळले.

किल्डॉलचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटलचा. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. त्याला व्हायचे होते गणिताचा शिक्षक. पण वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकाशी गाठ पडली आणि वाट बदलली. पुढे तो कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात शिकवू लागला. १९७२ साली डॉक्टरेट मिळाली. इंटेलच्या चिमुकल्या मायक्रोप्रोसेसरने त्याला असे वेड लावले की तो त्या कंपनीचा सल्लागार झाला आणि त्या प्रोसेसरसाठी पीएल/एम ही भाषा त्याने रचली.

१९७४च्या सुमारास त्याच्या हाती फ्लॉपी ड्राइव्ह आला. तो संगणकाला जोडणारे सर्किट जॉन टोरोडी या मित्राने बनवले आणि किल्डॉलने लिहिली सीपी/एम.

तिचे मर्म आपल्याला रेल्वेच्या उदाहरणाने कळेल. आठ माणसांचे कुटुंब गावाला निघाले आहे. सगळ्यांना एकाच ठिकाणी जागा हवी असा हट्ट धरला, तर गाडीत तुरळक जागा रिकाम्या असूनही कुटुंब फलाटावरच राहील. त्या काळच्या काही प्रणाली फाईल अशीच सलग ठेवत. मग जागा करण्यासाठी सगळ्या फायली अधूनमधून सरकवाव्या लागत. किल्डॉलने आठ इंची फ्लॉपीचे एकेक किलोबाइटचे २४३ कप्पे पाडले आणि फाईलचे तुकडे मिळेल त्या कप्प्यात बसवले. कोणाचा तुकडा कुठे, याचा तक्ता फ्लॉपीवरच ठेवला. तुकडे फार विखुरले की ते गोळा करायला ड्राइव्हला धावपळ पडते आणि काम मंदावते; पण जागा वाया जात नाही.

दुसरी अडचण स्मृतीची. संगणकाकडे १६ ते ६४ किलोबाइट स्मृती, त्यातच वापरणाऱ्याचे कामही मावायचे. म्हणून कोणता कप्पा रिकामा, कोणता भरलेला, याचा नकाशा त्याने एकेका कप्प्याला एकेक बिट देऊन केला. २४३ कप्प्यांचा नकाशा अवघ्या ३१ अक्षरांच्या जागेत! हा नकाशा फ्लॉपीवरचा तक्ता वाचून तयार होई. मी फ्लॉपी बदलली तेव्हा स्मृतीत नकाशा जुन्या फ्लॉपीचा होता. त्यावर विसंबून लिहिले असते तर दुसऱ्याच कोणाच्या जागेवर लिहिले गेले असते. यंत्राने तक्ता पडताळला आणि हात आखडता घेतला.

ही प्रणाली इंटेलला विकायला नको होती. तेव्हा किल्डॉल आणि त्याची पत्नी डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली, डिजिटल रिसर्च. यंत्रागणिक बदलणारा भाग त्याने बाकीच्या प्रणालीपासून वेगळा काढला, आणि एकच सीपी/एम शेकडो वेगवेगळ्या संगणकांवर चालू लागली.

मग आले १९८०. आयबीएमची माणसे त्याच्या दारी आली तेव्हा किल्डॉल विमान उडवायला गेला होता आणि म्हणून नशीब हुकले, हा किस्सा जगभर पसरला. खरे तर तो स्वतःच्या विमानाने एका ग्राहकाकडे कामासाठी गेला होता आणि दुपारी परतलाही. बोलणी अडली ती आधी गुप्ततेच्या करारावर. त्या दिवसाच्या हकिगती माणसागणिक वेगळ्या आहेत. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तो मायक्रोसॉफ्टने पुरवलेली, सीपी/एमचा धडा समोर ठेवून दुसऱ्याने लिहिलेली प्रणाली घेऊन. किल्डॉलची प्रणालीही पुढे विकायला ठेवली, पण तिची किंमत २४० डॉलर आणि दुसरीची ४०. गिऱ्हाईक कुठे वळणार?

तो मात्र थांबला नाही. दूरचित्रवाणीवर संगणकाचा कार्यक्रम केला, १९८५ साली अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर आणला. १९९१ साली कंपनी नॉव्हेलला विकली गेली. ११ जुलै १९९४ रोजी डोक्याच्या दुखापतीने तो गेला, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी. २०१४ साली पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्याच्या जुन्या कचेरीपाशी स्मृतिफलक लागला.

विमानाचा तो किस्सा कचेरीत चहाच्या वेळी मीही रंगवून सांगत असे, आणि सगळे हसत. बावन्न वर्षांच्या आयुष्यातला एक दिवस उचलून आम्ही माणूस निकालात काढला होता. ज्याने माझ्या पगारपत्रकाचा एकेक तुकडा सांभाळला, त्याचे आयुष्य मात्र मी सलग कधी वाचलेच नव्हते. आता तो किस्सा मी सांगत नाही.