रुस्तम जाल वकील

रुस्तम जाल वकील (१७ जुलै, १९११ - २० नोव्हेंबर, १९७४) हे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ व वैद्यकीय संशोधक होते. सर्पगंधेच्या मुळांचा उच्च रक्तदाबावरील गुण त्यांनी जगाच्या निदर्शनास आणला. याच वनस्पतीतील द्रव्याच्या पुढील अभ्यासाचा उपयोग कंपवातावरील (पार्किन्सन रोगावरील) उपचार शोधताना झाला.

सर्पगंधेवरील संशोधन

आयुर्वेदात सर्पगंधा निद्रानाश व उन्माद यांवर वापरली जात असे. तिच्यामुळे रक्तदाब उतरतो, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात नोंदविले होते. मात्र भारताबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. वकील यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना वाळवलेल्या मुळाच्या गोळ्या देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये हा अभ्यास 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य देशांतही या औषधाच्या चाचण्या सुरू झाल्या.

हालचालींच्या विकारांशी संबंध

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी सर्पगंधेतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. त्याची मात्रा अधिक झाल्यास काही रुग्णांचे हात कापत, स्नायू ताठरत व हालचाली मंदावत. ही लक्षणे कंपवातासारखीच होती. रिसर्पिनमुळे मेंदूतील चेतातंतूंच्या टोकांशी असलेला डोपामिनचा साठा रिकामा होतो. १९५७ मध्ये स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना डोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांना कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची कमतरता आढळली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन रुग्णांत लक्षणीय सुधारणा घडवली. लेव्होडोपा आजही कंपवातावरील प्रमुख औषध आहे.

डोपामिनचा साठा घटविण्याच्या याच गुणामुळे, अवयवांच्या अनियंत्रित हालचाली होणाऱ्या कोरिया या विकारात रिसर्पिन वापरले गेले. पुढे त्याची जागा टेट्राबेनाझिनने घेतली.

वकील यांचे स्वतःचे कार्य रक्तदाब व हृदयरोग यांपुरते होते. तथापि, त्यांच्या चाचणीमुळे सर्पगंधा जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचण्यास चालना मिळाली. औषधाच्या दुष्परिणामाचा शोध घेताना एका वेगळ्याच रोगाचे कारण उलगडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

सन्मान व लेखन

वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. वैद्यकाच्या इतिहासावर त्यांनी 'द रोमान्स ऑफ हीलिंग' हे पुस्तक लिहिले.