टाचेचा बंध

पावसाळ्यातली एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. आरोंद्याला तेरेखोलच्या खाडीकाठी भाताची लावणी चालू आहे. शाळेला उशीर होऊ नये म्हणून तुम्ही शेताच्या बांधावरून निघाला आहात. पायांत अंगठ्याची रबरी चप्पल आहे. पाय घसरून चिखलात जातो. तुम्ही पाय वर उचलता. पाय येतो, पण चप्पल चिखलातच राहते! तुमचा सोबती मात्र भरभर पुढे निघून जातो, कारण त्याच्या सँडलला टाचेमागून एक पट्टा आहे.

फरक केवढा? बोटभर रुंदीच्या पट्ट्याचा. पण अशाच एका बंधाने एका गरीब माणसाचे नाव जगभर पोचवले. त्यांचे नाव सोन्द्रे नोरहाइम.

नोरहाइम यांचा जन्म १० जून १८२५ रोजी नॉर्वे देशात झाला. तेथील टेलेमार्क प्रांतात मोर्गेडाल नावाचे एक डोंगराळ खेडे आहे. तेच त्यांचे गाव. घरची स्वतःची जमीन नव्हती. दुसऱ्याच्या जमिनीवर लहानसे घर बांधायचे आणि त्या बदल्यात मालकाच्या शेतात राबायचे, अशी ती कुळाची जिंदगी होती. आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांना असे जगणे काही नवे वाटणार नाही.

त्या देशात हिवाळ्यात अनेक महिने बर्फ असते. बर्फावरून जाण्यासाठी लोक पायांखाली लांब, अरुंद लाकडी फळ्या बांधत. त्यांना स्की म्हणतात. स्कीचा उपयोग हजारो वर्षांपासून होत होता. परंतु त्यात एक मोठी उणीव होती. बुटाचे फक्त पुढचे टोक एका पट्ट्यात अडकवलेले असे. टाचेला काहीच आधार नसे. सपाट जागी हे चालून जाई. मात्र उतारावर वळताना किंवा उडी मारताना स्की पायातून निसटे. तुमची चप्पल चिखलात राहते, अगदी तसेच!

नोरहाइम यांना स्कीचे विलक्षण वेड होते. उतार दिसला की ते घसरत, उंचवटा दिसला की उडी मारत. ते छपरांवरूनही उड्या मारत, असे लोक सांगत. हाताने स्की बनवण्याचे कसबही त्यांच्याजवळ होते. म्हणून पायाला जे खटकले, ते हाताने दुरुस्त करणे त्यांना जमले.

त्यांनी विलो झाडाच्या लवचीक फांद्या घेतल्या. हे झाड तुम्हाला अनोळखी नाही. क्रिकेटची बॅट याच जातीच्या लाकडाची असते. या फांद्यांना पीळ देऊन त्यांनी तो बंध बुटाच्या टाचेमागून वळवला. आता स्की पायातून सुटेना. पण या बंधाची खरी खुबी पुढेच आहे. तो टाचेला धरून ठेवी आणि तरीही तिला वर उचलू देई. बंध सैल असता तर स्की निसटली असती. टाच खिळवून टाकली असती तर चालताच आले नसते. धरूनही मोकळे ठेवणे हे त्या बंधाचे मर्म होते.

स्कीचा आकारही त्यांनी बदलला. त्यांची स्की आखूड आणि मध्यभागी थोडी अरुंद असे. त्यामुळे ती सहज वळे. एक पाय पुढे, दुसरा मागे, मागचा गुडघा वाकलेला आणि टाच उचललेली, असे डौलदार वळण घेणे आता शक्य झाले. या वळणाला त्यांच्या प्रांतावरून ‘टेलेमार्क’ असे नाव पडले. ‘स्लालम’ हा खेळाचा शब्दही मोर्गेडालच्या बोलीतूनच आला आहे.

१८६८ साली नॉर्वेच्या राजधानीत स्कीची मोठी स्पर्धा भरली. त्या शहराला तेव्हा ख्रिस्तियानिया म्हणत. आज ते ओस्लो म्हणून ओळखले जाते. नोरहाइम तेव्हा ४२ वर्षांचे होते. ते आपल्या सोबत्यांसह सुमारे २०० किलोमीटर अंतर स्कीवरूनच तोडून तेथे गेले, असे सांगतात. तरुण स्पर्धकांना मागे टाकून त्यांनी पहिले बक्षीस मिळवले. पाहणारे शहरवासी थक्क झाले. पुढे टेलेमार्कच्या तरुणांनी ही विद्या शहरातल्या लोकांना शिकवली.

पण बक्षिसाने पोट भरत नाही. नॉर्वेतील हजारो गरीब कुटुंबे त्या काळात अमेरिकेला जात होती. १८८४ साली नोरहाइम यांनीही पत्नी व मुलांसह गाव सोडले. त्यांचे वय साठीला आले होते. पोटासाठी मुंबईला किंवा आखाती देशांत गेलेले कोणी तुमच्या घरात असेल, तर त्या निरोपाचे दुःख तुम्हाला वेगळे सांगायला नको.

अखेर ते नॉर्थ डकोटा या भागात स्थिरावले. तेथे बर्फ भरपूर होते. पण जमीन तळहातासारखी सपाट! ज्याने उतारावर आयुष्य घालवले, त्याला उतारच उरला नाही. तरीही आपली स्की ते दाराशी ठेवत, असे म्हणतात. ९ मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुष्कळ वर्षे त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता.

त्यांची कल्पना मात्र वाढत राहिली. १९२७ साली नॉर्वेच्याच ब्रोर वीथ यांनी बुटाचे टोक पकडणारा धातूचा बंध तयार केला. त्यातून पुढे एक ठरावीक माप रूढ झाले. बुटाचा तळ पुढे बदकाच्या चोचीसारखा निघालेला, त्याखाली तीन भोके, आणि ७५ मिलिमीटर मापाच्या बंधात त्या भोकांसाठी तीन खिळे. १९९२ च्या सुमारास चामड्याऐवजी प्लॅस्टिकचे टेलेमार्क बूट आले. २००७ साली चोच नसलेल्या बुटांची नवी पद्धत निघाली.

समजा, उद्या तुम्ही काश्मीरमध्ये गुलमर्गला गेलात आणि असा बूट निवडायची वेळ आली. मग काय पाहाल?

पहिली गोष्ट, काम कोणते? उभ्या उतारावरून वेगाने यायचे असेल तर बूट उंच व ताठ हवा. मग पायाचा जोर स्कीच्या कडेपर्यंत पोचतो. दूरवर चालत जायचे असेल तर हलका, मऊ बूट बरा. पण दोन्ही बूट बोटांजवळ वाकलेच पाहिजेत. म्हणून प्लॅस्टिकच्या बुटाला त्या जागी हार्मोनियमच्या भात्यासारख्या वळ्या असतात.

दुसरी गोष्ट, टिकाऊपणा. चामडे पाणी शोषते आणि हळूहळू सैल पडते. त्याला मेण चोळावे लागते. ओला बूट विस्तवाजवळ वाळवला तर त्याला तडे जातात. प्लॅस्टिकचा बूट जुना असेल तर त्या वळ्यांना चिरा नाहीत ना, तळाची भोके झिजून मोठी झाली नाहीत ना, हे तपासावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बूट बंधाशी जुळतो का? चोचीचा बूट नव्या बंधात बसत नाही आणि बिनचोचीचा बूट तीन खिळ्यांत अडकत नाही. मग तो कितीही महाग असो! बूट, बंध आणि स्की यांचा विचार एकत्रच करावा लागतो. नोरहाइम यांनी नेमके हेच केले होते. त्यांनी फक्त एक दोरी बांधली नाही, तर पाय आणि लाकूड यांचे नाते जुळवले.

१९५२ साली ओस्लोत हिवाळी ऑलिंपिक भरले. त्याची ज्योत कोठे पेटवली, ठाऊक आहे? मोर्गेडालमध्ये, नोरहाइम यांच्या जन्मघरातल्या चुलीत! ज्या चुलीपाशी एका कुळाचे मूल वाढले, तिचा विस्तव हातोहात राजधानीत पोचला.

मित्रांनो, पुढच्या वेळी चप्पल चिखलात रुतली तर नुसते चिडू नका. ती का रुतली, याचा क्षणभर विचार करा.

शब्दार्थ
कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा
कसब – हातातले कौशल्य
खुबी – वैशिष्ट्य
मर्म – मुख्य गोष्ट

स्वाध्याय
१. जुन्या स्कीमध्ये कोणती उणीव होती?
२. नोरहाइम यांच्या बंधाची खुबी तुमच्या शब्दांत सांगा.
३. बूट निवडताना कोणत्या तीन गोष्टी पाहाव्यात?
४. तुमच्या घरातील एखाद्या वस्तूची उणीव शोधा. ती कशी दूर कराल, ते पाच ओळींत लिहा.