माझगावचे काका बॅप्टिस्टा आणि आपली शाळा

महसूल खात्यात तेहतीस वर्षे काढली म्हणून स्मरणिका समितीने मला विषय दिला: मिशनच्या शाळेत शिकल्याचा सरकारी नोकरीत काय उपयोग झाला? स्वतःबद्दल पानभर लिहायचा संकोच वाटतो. त्यापेक्षा अशाच एका शाळेत शिकून सार्वजनिक कामात आयुष्य घातलेल्या माणसाची ओळख करून द्यावी असे वाटले. ते म्हणजे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. मुंबईचे गिरणी कामगार त्यांना काका म्हणत. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ते फार तर एका ओळीत असत.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत, माझगावच्या म्हातारपाखाडीत झाला. घराणे मूळ भाईंदरजवळच्या उत्तनचे. ते ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईच्या किनाऱ्यावरचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. माझगावच्या सेंट मेरी शाळेत ते शिकले. ही जेझुइट पाद्र्यांची शाळा. पुढे पुण्याचे इंजिनीअरिंग कॉलेज, मग केंब्रिज, आणि तिथून बॅरिस्टर होऊन ते मुंबईत परतले.

अशा माणसासमोर सरळ वाट होती. राज्यकर्ते ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, इंग्रजी उत्तम, हातात बॅरिस्टरची सनद. वकिली करावी, बंगला बांधावा, रविवारी चर्चला जावे. कोणी नाव ठेवले नसते. काकांनी मात्र १९०१ मध्ये मुंबई महापालिकेत प्रवेश केला आणि पुढे सतरा वर्षे तिथे काम केले. पालिकेचे काम म्हणजे पाणी, गटारे, रस्ते आणि रोगराई. त्या काळात मुंबईला प्लेगने ग्रासलेले होते. नगरसेवकपण मिरवायचे ते दिवस नव्हते.

लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला तो कायमचा. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बाजूच्या वकिलांमध्ये काका होते. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवले. पुढे सावरकरांच्या खटल्यातही बचावासाठी काका उभे राहिले. सरकारच्या डोळ्यांत खुपणाऱ्यांचे वकीलपत्र घेणे बॅरिस्टराला त्या काळी सोपे नव्हते.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्षपदी टिळक स्वतः बसले नाहीत, ते पद काकांना दिले. चिटणीस न. चिं. केळकर. या लीगचे क्षेत्र होते मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. म्हणजे आपला यवतमाळ जिल्हाही त्यात आला. आपल्या वणीचे बापूजी अणे तेव्हा यवतमाळला वकिली करत होते आणि टिळकांच्या याच चळवळीत होते. वऱ्हाडातल्या माणसांनी ज्या संघटनेत स्वराज्याचे काम केले, तिचा पहिला अध्यक्ष माझगावच्या मिशन शाळेचा विद्यार्थी होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

१९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपत राय अध्यक्ष आणि काका उपाध्यक्ष. दुसरे अधिवेशन झरियाच्या कोळसा खाणींच्या भागात भरले, त्याचे अध्यक्ष काकाच. खाणकामगाराचे जगणे काय असते, हे वणी भागातून शाळेत येणाऱ्या आपल्या मित्रांना वेगळे सांगायला नको. टिळकांनंतर गांधीजींचा असहकार काकांना पटला नाही आणि ते त्यांनी लपवलेही नाही. लोकप्रियता ओसरली तरी कामगारांचे आणि शहराचे काम त्यांनी सोडले नाही. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर झाले. १९३० च्या जुलैमध्ये बापूजींनी आपल्या पुसदला जंगल सत्याग्रह केला, आणि त्याच वर्षी १८ सप्टेंबरला काका गेले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली.

आता समितीच्या प्रश्नाकडे येतो. शाळेने काकांना काय दिले? माझ्या मते हत्यारे दिली: भाषा, शिस्त, कागद नीट वाचायची सवय. ती आपल्यालाही मिळाली. अर्जात एक शब्द चुकला तरी फादर तो पुन्हा लिहायला लावत, आठवते ना? पण हत्यार कोणासाठी उचलायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. काकांनी ते आपल्या पॅरिशपुरते ठेवले नाही. चित्पावन टिळकांसाठी, गिरणीतल्या मजुरांसाठी, झरियाच्या खाणकामगारांसाठी वापरले.

माझ्या नोकरीत शेतकरी आत्महत्यांची प्रकरणे टेबलावर येत. पात्र की अपात्र, एवढेच ठरवायचे असे. कर्ज बँकेचे की सावकाराचे, सातबारा कोणाच्या नावावर, एवढ्यावर एका घराची एक लाखाची मदत अडे. नियम तोच असतो. तो दार बंद करायलाही वाचता येतो आणि कुठे फट आहे का हे शोधायलाही. दुसऱ्या पद्धतीने वाचायला जास्त वेळ लागतो आणि त्याचे श्रेय कोणी देत नाही. तरी रात्री बसून ती फाइल पुन्हा वाचावी, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले नव्हते. ते शाळेतूनच आले असावे.

आपल्यापैकी बरेच जण आता निवृत्त आहेत. इंग्रजी येते, कार्यालयांची रीत ठाऊक आहे, वेळही आहे. महिन्यातला एक दिवस गावातल्या कोणाचा फेरफार, कोणाची पेन्शन, कोणाचा विमा अर्ज यासाठी देता येईल. मुंबईला गेलात तर माझगावच्या टेकडीवर चढून जा. तिथल्या बागेला जोसेफ बॅप्टिस्टांचे नाव आहे आणि बागेखाली शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे.