पेटीवाले गोविंदराव

सेलू-परभणीकडे घरात पेटी असली तर ती बहुतेक भजनासाठीच. एकादशीला खाली काढायची, पुसायची, काम झालं की परत फडताळावर. गाणाऱ्याच्या मागे चालणारं वाद्य, एवढीच तिची ओळख. त्यामुळे गोविंदराव टेंबे यांची गोष्ट ऐकताना नवल वाटतं.

कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी १८८१ मध्ये त्यांचा जन्म. पेटी शिकवायला कुणी गुरू नव्हता, हात आपला आपणच बसवला. कोल्हापूरच्या देवल क्लबात चांगलं गाणं कानावर पडत गेलं. पुढे भास्करबुवा बखले यांची साथ केली. साथ करता करता ते शिकलेही. अल्लादियाखाँसाहेबांची प्रत्यक्ष तालीम मिळाली नाही, तरी त्यांना ते गुरूच मानत. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला तोच सूर निघतो, गळ्यातली मींड तिच्यातून निघत नाही. अशा वाद्यावर त्यांनी एकट्यानं मैफली रंगवल्या!

१९११ साली किर्लोस्कर मंडळीचं ‘मानापमान’ आलं. नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदरावांच्या. चाली आणल्या कुठून? ठुमरी, दादरा, कजरी या पूरबी गाण्यांतून. हे गाणं पिढ्यान्‌पिढ्या जपलं ते कोठीवरच्या गायिकांनी. ज्यांच्या घराची पायरी चढणंही कमीपणाचं मानलं जाई, त्यांच्या गळ्यातली वळणं बालगंधर्वांच्या भामिनीकडून थेट सोवळ्यातल्या बायकांच्या ओठांवर आली. त्या बायांचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. मला ही गोष्ट नाटकाच्या यशाहून मोठी वाटते.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. गोविंदराव तिथं फार टिकले नाहीत. स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, पुढे तीही बंद पडली. दुसरा एखादा खचून गावी परतला असता.

पण १९३२ मध्ये, पन्नाशी उलटलेली असताना, ते प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले. पहिला मराठी बोलपट म्हणतात तो हाच. संगीतही त्यांचंच. तारामती होत्या दुर्गाबाई खोटे. चांगल्या घरच्या बाईनं सिनेमात जायचं म्हणजे केवढा गहजब, तो काळ! पार्श्वगायन अजून आलं नव्हतं; कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गायचं. नवख्या दुर्गाबाईंसाठी हे किती अवघड असेल, स्वयंपाक करताना गुणगुणणारीलाही कळेल. शेजारी असा पक्का सुरेल माणूस होता, ही त्यांची पुण्याईच.

गोविंदरावांनी लिहिलंही खूप. ‘माझा संगीत-व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही पुस्तकं आजही वाचावीत अशी आहेत. मात्र ज्या पेटीनं त्यांना नाव दिलं, तिच्यावर १९४० मध्ये रेडिओनं बंदी घातली. आपल्या रागांना तिचे ठरीव सूर चालत नाहीत, असं कारण होतं. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव गेले, तेव्हाही ती बंदी उठलेली नव्हती.