सुरकुत्यांसकट आन्ना

बेताची उंची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कायम विस्कटलेले केस. हिरॉईनच्या कुठल्याच मापात ती बसत नव्हती. तिनंही ते माप कधी मनावर घेतलं नाही. आन्ना मान्यानी नावाच्या एका जबरदस्त इटालियन अभिनेत्रीची ही गोष्ट.

रोममधली एक गल्ली. साल १९४४. जर्मन सैनिकांनी कामगारवस्तीतल्या एका इमारतीला वेढा घातलाय. घराघरांतून पुरुषांना बाहेर काढून ट्रकमध्ये कोंबणं चालू आहे. त्यात फ्रान्सिस्को पण आहे. खरं तर आज त्याचं लग्न. नवरी, म्हणजे पिना, खाली बायकांच्या घोळक्यात उभी. पोटात बाळ. तेवढ्यात तिला फ्रान्सिस्को दिसतो. अडवणाऱ्या सैनिकांना ढकलत, मारत ती सुटते आणि एक हात वर करून, त्याचं नाव ओरडत, ट्रकमागे धावत सुटते. गोळीचा आवाज येतो. पिना रस्त्यावर कोसळते. तिचा लहानगा मुलगा धावत येतो आणि तिच्या अंगावर पडतो.

संपलं. सिनेमा अजून अर्धा बाकी असतो, आणि जिच्यात आपला जीव अडकला ती गेलेली असते.

रोबेर्तो रोसेलिनीच्या 'रोम, ओपन सिटी' या १९४५ सालच्या सिनेमातला हा सीन. जेमतेम मिनिटभराचा. पण ऐंशी वर्षं झाली, जगभरातल्या फिल्म स्कूल्समध्ये तो अजून दाखवला जातो. ही घटना हवेतून आलेली नव्हती. ३ मार्च १९४४ रोजी रोममध्ये तेरेसा गुलाचे नावाची एक गरोदर बाई, पकडलेल्या नवऱ्याला भेटायला धडपडताना, सैनिकाच्या गोळीनं भर रस्त्यात मारली गेली होती. ते दुःख ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तीच माणसं दीड वर्षानं थिएटरात बसून पिनाला पडताना पाहत होती. त्यांना खोटं चाललं नसतं. पिना झालेल्या आन्नाचं काहीच खोटं वाटलं नाही.

आजीची पोर

आन्नाचा जन्म ७ मार्च १९०८ चा, रोमचा. वडील कोण, हे तिला धड माहीत नव्हतं. आई मारीना लेकीला आजीकडे ठेवून इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला निघून गेली. मान्यानी हे आईचं आडनाव, तेच आन्नानं आयुष्यभर लावलं.

आजीनं माया भरपूर केली. फ्रेंच नन्सच्या शाळेत घातलं. तिथं आन्ना फ्रेंच शिकली, पियानो शिकली. पण आई असून नसल्याची कळ तिच्या मनातून कधी गेली नाही. पुढे पडद्यावर तिनं एकाहून एक आया उभ्या केल्या. लेकरासाठी जगाशी भांडणाऱ्या, ओरडणाऱ्या, चुकणाऱ्या, कोसळणाऱ्या. त्या भूमिका पाहताना हे लहानपण आठवल्याशिवाय राहत नाही.

शिक्षण घेतलं ते नाटकाचं. पोटासाठी मात्र तिनं नाइट क्लबात, कॅबरेत गाणी म्हटली. रोमच्या गल्लीबोळांतली चावट, खट्याळ गाणी. पुढे युद्धाच्या काळात तोतो या लाडक्या विनोदी नटासोबत तिनं नाच, गाणी आणि नकलांचे कार्यक्रम गाजवले. समोरचं पब्लिक तिखट असायचं. आवडलं नाही तर तिथल्या तिथे हुर्यो. अशा पब्लिकला शब्दाला शब्द देत ती घडली. कुठल्याही ॲक्टिंग क्लासात हे शिकायला मिळत नाही.

सिनेमात मात्र तिचं घोडं अडलेलं होतं. मुसोलिनीच्या काळात इटलीत चकचकीत, श्रीमंती सिनेमांची चलती होती. त्यात बंगले दिसायचे आणि बंगल्यात पांढरे टेलिफोन, म्हणून त्या सिनेमांना नावच पडलं 'पांढऱ्या टेलिफोनचे सिनेमे'. त्या पांढऱ्या टेलिफोनवर बोलायला गोड, नाजूक चेहरे लागायचे. आन्ना त्यात कुठली बसायला! १९३४ सालापासून ती सिनेमात होती, दिग्दर्शक गोफ्रेदो अलेस्सांद्रिनीशी तिचं लग्नही झालेलं होतं, तरी वाट्याला यायच्या त्या बारीकसारीक भूमिका. अशी दहा-अकरा वर्षं गेली.

मुलगा, पोलिओ आणि पिना

लग्न टिकलं नाही. नंतर मासिमो सेरातो हा देखणा नट तिच्या आयुष्यात आला. १९४२ मध्ये तिला मुलगा झाला. त्याच सुमारास लुकिनो व्हिस्कोंतीनं तिला 'ऑस्सेस्सियोने'मध्ये घ्यायचं ठरवलं होतं, पण गरोदरपणामुळे तो मोठा रोल हातचा गेला. सेरातोही गेला. मुलाला तिनं स्वतःचं, म्हणजे तिच्या आईचं आडनाव दिलं. लागोपाठ दुसऱ्या पिढीत बापाचं नाव नाही, मान्यानीच.

मुलगा दीड वर्षाचा असताना त्याला पोलिओ झाला. पाय गेले. पोलिओची लस यायला तेव्हा अजून दहाएक वर्षं होती. आन्नानं त्याला उपचारांसाठी स्वित्झर्लंडला ठेवलं आणि पुढची कितीतरी वर्षं मिळवलेला पैसा त्याच्यासाठी ओतला.

हे घडून वर्षही होत नाही तोवर, १९४५ च्या सुरुवातीला, 'रोम, ओपन सिटी'चं शूटिंग सुरू झालं. रोममधून जर्मन जाऊन जेमतेम सात महिने झालेले. चिनेचित्ता या प्रसिद्ध स्टुडिओत निर्वासितांची छावणी. फिल्मचा पत्ता नाही, मिळतील तिथून तुकडे गोळा करून काम चाललेलं. शूटिंगच्या वेळी आवाज रेकॉर्ड करणंही परवडत नव्हतं, तो नंतर भरला. आन्ना तेव्हा सदतीस वर्षांची होती. त्या वयात एरवी हिरॉईनला घरी बसवतात. हिचं करिअर तिथं सुरू झालं.

१९४६ मध्ये कान महोत्सवात सिनेमाचा गौरव झाला. १९५२ साली मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा तो आपल्याकडेही दाखवला गेला. मग आला 'लोनोरेवोले आंजेलिना'. वस्तीतल्या बायकांना घेऊन काळाबाजारवाल्यांवर तुटून पडणारी आंजेलिना तिनं अशी रंगवली की १९४७ मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक तिच्याकडे आलं. रोमकर तिला लाडानं 'नान्नारेल्ला' म्हणायला लागले.

ज्वालामुखींची लढाई

रोसेलिनी आणि आन्ना प्रेमात होते. दोघंही तापट. भांडणं अशी व्हायची की भांडी उडायची म्हणे. स्पॅगेटीचं भांडं तिनं त्याच्या डोक्यावर रिकामं केल्याचा किस्सा तर इटलीत पोराटोरांनाही ठाऊक. १९४८ मध्ये त्यानं खास तिच्यासाठी 'लामोरे' केला. त्याच्या एका भागात पडद्यावर ती जवळजवळ एकटी. हातात फोन, पलीकडे सोडून चाललेला प्रियकर. त्याचा आवाजही आपल्याला ऐकू येत नाही.

वर्षभरात ते खरंच घडलं. हॉलिवूडची स्टार इंग्रिड बर्गमननं रोसेलिनीला पत्र लिहून त्याच्यासोबत काम करायची इच्छा कळवली, आणि बघता बघता तो तिचा झाला. तिला घेऊन त्यानं सिसिलीजवळच्या स्त्रोम्बोली या ज्वालामुखीच्या बेटावर शूटिंग लावलं. आन्ना गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिनं शेजारच्याच वुल्कानो बेटावर दुसरा सिनेमा करायला घेतला. पेपरवाल्यांना चंगळ. त्यांनी नाव दिलं, ज्वालामुखींची लढाई.

ही लढाई ती हरली. २ फेब्रुवारी १९५० ला तिच्या 'वुल्कानो'चा रोममध्ये पहिला खेळ होता. नेमका त्याच दिवशी बर्गमनला मुलगा झाला. बातमी आली तसे पत्रकार खेळ सोडून पळाले.

लेकीला विकणार नाही

अशा अपमानानंतर माणूस घरात कोंडून घेतो. आन्नानं पुढच्याच वर्षी व्हिस्कोंतीसोबत 'बेलिसिमा' केला. तिचा एकच सिनेमा पाहायचा असेल, तर माझं मत याला.

माद्दालेना ही घरोघर जाऊन इंजेक्शनं देणारी गरीब बाई. एका सिनेमासाठी लहान मुलगी हवी म्हणून जाहिरात येते. माद्दालेना लेकीला घेऊन पोहोचते चिनेचित्ताला. नाच शिकवते, फोटो काढते, नवे कपडे शिवते, वशिल्यासाठी साठवलेले पैसे देते. आपलं जे राहिलं ते पोरीनं करावं, एवढंच तिच्या डोक्यात. मग एक दिवस लपून ती लेकीची स्क्रीन टेस्ट बघते. पडद्यावर पोर रडतेय, आणि सिनेमावाले तिला हसताहेत. पुढे त्याच पोरीसाठी करार चालत घरी येतो. माद्दालेना तो परत पाठवते.

रिॲलिटी शोमध्ये मेकअप करून नाचणारी चिमुरडी बघितली की माद्दालेनाचा तेव्हाचा चेहरा आठवतो. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे, यावर विश्वास बसत नाही.

आणि ऑस्कर

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स तिचा जबरदस्त फॅन. 'द रोझ टॅटू' हे नाटक त्यानं तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. पण आपलं इंग्रजी ब्रॉडवेवर रोज उभं राहण्याइतकं पक्कं नाही, हे ओळखून तिनं नाटक नाकारलं. नंतर सिनेमा निघाला तेव्हा मात्र बर्ट लँकेस्टरसमोर तिनंच सेराफिना केली. १९५६ च्या मार्चमध्ये या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. अभिनयासाठीचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन. समारंभाला ती गेलीच नव्हती. रोममध्ये घरी होती.

तिच्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. मेकअपवाला चेहऱ्यावरच्या सुरकुत्या झाकायला लागला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं. त्या कमवायला आपल्याला आयुष्य लागलंय, एकही पुसायची नाही, अशी ताकीद दिली. सेल्फीला तीन-तीन फिल्टर लावणाऱ्या आपल्याला हा किस्सा भारी वाटतो. शेअरही करतो आपण. पण या हट्टाची किंमतही तिनं मोजली. वय वाढलं तशी कामं आटली. 'टू विमेन'मध्ये सोफिया लॉरेनच्या आईचं काम तिच्याकडे आलं होतं. तिनं ते नाकारलं. मग सोफियानंच आई केली, आणि ऑस्कर नेलं. तिच्या तापट स्वभावामुळेही माणसं दुरावली. १९६२ मध्ये पाझोलिनीच्या 'मम्मा रोमा'त तिनं जुना धंदा सोडून मुलासाठी भाजीचा गाडा लावणारी आई केली. भूमिका अफलातून, पण सेटवर दोघांचं फारसं जमलं नाही. नंतर ती नाटकांकडे वळली, मग टीव्हीकडे.

फेलिनीच्या 'रोमा'मध्ये (१९७२) ती शेवटची दिसते. रात्रीची वेळ, आपल्या घराच्या दारात. फेलिनी तिला शहराबद्दल काही विचारू बघतो. ती हसून त्याला वाटेला लावते आणि दार लावून घेते.

पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर १९७३ ला, स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं ती गेली. वय पासष्ट. शेवटच्या दिवसांत रोसेलिनी तिच्या उशाशी होता. लढाई केव्हाच संपली होती. अंत्यसंस्काराच्या दिवशी रोमच्या मिनेर्वा चौकात तोबा गर्दी झाली. भाजीवाल्या होत्या, गाडीवाले होते, सिनेमावाले होते. शवपेटी बाहेर आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एखादा चांगला प्रयोग संपल्यावर वाजवतात, तशा.